तीन विटांची चूल

भावजी,

वर 'तीर्थरूप' लिहायला हात धजला नाही.

लढाईनंतर निर्वासितांच्या छावणीत सरकारचा नियम होता, एका चुलीमागे एक खोली, घरात म्हातारं माणूस असेल तर दोन. हे कळल्याबरोबर तुम्ही कुठूनशा तीन विटा आणून आमच्या चुलीशेजारी वेगळी चूल मांडलीत. साहेब तपासणीला आले, तेव्हा आईंना हाताला धरून त्या चुलीपुढे बसवलंत आणि म्हणालात, "आई माझ्याकडेच जेवते." थोरला खोटं बोलतोय, हे चारचौघांत कोणती आई सांगेल?

तुम्हाला दोन खोल्यांची किल्ली मिळाली आणि आठवड्याच्या आत आई आमच्या दारात. सोबत एक गाठोडं, उचलवेना इतकं जड. "हिचं आणि आईचं पटत नाही," एवढं बोलून तुम्ही पाठ फिरवलीत. आमची खोली एकच, म्हणून तेव्हापासून तुमचा भाऊ दाराबाहेर झोपत आला, पावसातसुद्धा.

आता आई गेल्या, तर तुमचा निरोप येतो की थोरला मी, आईचा फोटो माझ्या घरी हवा, येणाऱ्याजाणाऱ्याला बरं दिसतं.

साहेबाला दाखवायला आई एकदा नेलीत. पाहुण्यांना दाखवायला पुन्हा मिळणार नाही.

हे पत्र टाकलं तर तुमच्या भावाला वाईट वाटेल, म्हणून चुलीत घालतेय. चूल तुमचीच आहे. त्या गाठोड्यात तुम्ही टाकून दिलेल्या विटा होत्या. आई म्हणाल्या होत्या, "या चुलीवर मी जेवत होते म्हणे. एकदा जेवून तरी बघते."

तुमची नाइलाजाची,
भावजय