शुभाची रेषा

५ जानेवारी १९९९

काढली शेवटी. नको नको म्हणत काढलीच.

शुभाचे दोन वर्षांचे रक्ताचे रिपोर्ट समोर घेतले. किडनी थकली की रक्तात क्रिएटिनीन साचतं; प्रत्येक वेळचा त्याचा आकडा उलटा केला – एक भागिले तो आकडा – आणि तारखेसमोर टिंबं मांडली. ही रीत किडनीच्या डॉक्टरांनीच सांगितली होती. 'तुम्ही स्टॅटिस्टिक्सचे ना, तुम्हाला आवडेल.' आवडली! टिंबं सरळ रेषेत बसतात. वीस वर्षांच्या नोकरीत इतकी सरळ रेषा मी कोणाच्या डेटात पाहिली नाही. द्राक्षांत नाही, धरणात नाही. ती उतरत उतरत दसऱ्याच्या आसपास तळाला लागते. तिथे किडन्या काम सोडतात.

शुभा आत भाकरी थापत होती. 'काय काढताय एवढं मान खाली घालून?' म्हणाली. 'कॉलेजातल्या बागुल मॅडमच्या द्राक्षांचे आकडे,' म्हणालो.

७ जानेवारी

झोप नाही.

८ जानेवारी

कॉलेजात माझ्या टेबलासमोर रांग. वनस्पतीशास्त्राच्या बागुल मॅडम दिंडोरीच्या बागांतले मण्यांच्या साखरेचे यंदाचे आकडे घेऊन आल्या, काढणीची तारीख आधी सांगता येईल का विचारायला. भूगोलाचे पगारे सर गंगापूर धरणाची पातळी घेऊन आले. दोघांनाही जमेल म्हणालो. द्राक्ष काय, पाणी काय, रेषा तीच. आकडे कशाचे आहेत हे आकड्यांना ठाऊक नसतं, हे माझं पहिल्या तासाचं ठरलेलं वाक्य. मुलं ते इमानदारीने वहीत उतरवतात.

सगळ्यांना सगळं सांगता येतं मला. घरी आलं की मुका.

१० जानेवारी, रविवार

मखमलाबादला सासुरवाडीला गेलो. झेंडूचा तोडा चालू होता, अंगणात ढीग. सगळ्यांना सांगून टाकलं – दसऱ्यापर्यंत किडनी बदलावी लागेल, त्याआधी देणारं माणूस हवं. रेषेबद्दल बोललो नाही, डॉक्टरांचं नाव पुढे केलं. माझा रक्तगट जुळत नाही, ते आधीच तपासलंय.

सासूबाई म्हणाल्या, 'माझी घ्या की. मला काय करायचीय आता?' म्हटलं, तुम्हाला साखर आहे, चालत नाही. 'मंग बरंच हाय की, गोड लागंल तिला.' सगळे हसले. सासूबाई हसवतात आणि मग पदराने डोळे पुसतात, हे आता पाठ झालंय.

मग स्नेहल पुढे आली. शुभाची धाकटी बहीण. सिन्नरला दिलीय. तिचा गट जुळतो. 'दाजी, सांगाल तेव्हा येते,' एवढंच बोलली. तिचा नवरा दीपक जमिनीकडे बघत होता. त्यांना एकच मुलगी, सहा वर्षांची. घरच्यांना आणखी एक मूल हवंय. दीपक हळूच म्हणाला, 'मग ते राहू देऊ तोवर.'

शुभा परत येताना स्कूटरवर मागे बसली होती. पंचवटीत सिग्नलला म्हणाली, 'तिला कशाला मध्ये ओढलंत?'

१९ जानेवारी

पथ्य सुरू. डाळ कमी, मीठ कमी, केळी-द्राक्षं बंद. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला तराजू मागून आणलाय. रोज सकाळी डाळ तोलून देतो. शुभा म्हणते, 'सोनं काय भावानं दिलं आज?'

१२ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे गेलो. नवं टिंब बरोब्बर रेषेवर. रेषेला दयामाया नाही. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी या, मधे दर महिन्याला रक्त तपासत राहा. स्नेहलच्या मुंबईच्या तपासण्या एप्रिलमध्ये करू.

१४ मार्च

रिपोर्ट आला. आकडा वाढलेला नाही! टिंब रेषेच्या वर. प्रयोगशाळेची चूक असणार. कंसात टाकलं.

१६ मार्च

बागुल मॅडमची गंमत. मी त्यांना आकड्यांवरून काढणीची तारीख काढून दिली होती. त्या म्हणतात, एका बागेत साखर अचानक चढली, माझी रेषा पुढे धावली, आणि जाऊन पाहिलं तर मणी पिकलेलेच नव्हते! पाणी कमी पडलं, मणी सुरकुतले. पाणी आटलं की साखरेचं प्रमाण आपसूक वाढतं. 'सर, आकडा बघायच्या आधी मणी बोटांत धरून बघायचा असतो,' म्हणाल्या. मी म्हटलं, मग वजनाचा रकाना द्यायचात ना. वाद झाला, चहा झाला, मिटलं.

१५ एप्रिल

आजचाही रिपोर्ट तोच. दोन टिंबं, दोन्ही रेषेच्या वर. ही चूक नव्हे. मार्चच्या टिंबाभोवतीचा कंस खोडला. रेषा सपाट होतेय!

पथ्य लागू पडलंय. माझा तराजू लागू पडलाय. पायांवरची सूजसुद्धा उतरलीय. शुभाने ब्लाउज उसवून आत घेतले, एवढी सूज कमी झाली. नवी रेषा काढली – या उतारावर दोन-तीन वर्षं तरी काही होत नाही. किती महिन्यांनी घरात शीळ घातली. शुभा म्हणाली, 'बघा, मी म्हणत होते ना.' काय म्हणत होती ते आठवेना. पण हसत होती.

१८ एप्रिल, अक्षयतृतीया

मखमलाबादला आमरस. जेवणाआधीच स्नेहल-दीपकला सांगितलं, मुंबईच्या तपासण्या राहू द्या. घाई नाही. दोन-तीन वर्षं तरी नाही. तुम्ही तुमचं बघा.

स्नेहलला खरं वाटेना. 'नक्की ना दाजी?' कागद काढून रेषा दाखवली. तिला काय कळणार, पण मान डोलावली. दीपकचा चेहरा पाहण्यासारखा झाला. शुभा आंबे पिळत होती, मान वर केली नाही. रस तिला चालत नाही. वाटीभर घे म्हटलं तरी घेतला नाही.

१४ मे

डॉक्टर परदेशी गेलेत. त्यांच्या हाताखालच्या पोरसवदा डॉक्टरने रिपोर्ट पाहिला आणि 'व्हेरी गुड' म्हणाला. आकडा तर चक्क उतरलाय. उतरलाय!

पगारे सरांच्या धरणाचं काम संपवलं. पाऊस येईपर्यंत पाणी पुरेल असं लिहून दिलं.

२७ जून

स्नेहलचा फोन. दिवस गेलेत. शुभाने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. नंतर किती तरी वेळ ओट्यापाशी उभी. आम्हाला मूल नाही, तो विषय आमच्यात कधीच बंद झालाय. पण आज जणू तिचंच काही घडलं होतं. मी खूष होऊन म्हटलं, बघ, माझ्या रेषेने पाळणा हलवला. तिने माझ्या डोक्यावर टपली मारली. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

९ जुलै

शुभाला मळमळतं. अंगाला खाज. जिना चढताना मधेच बसते. आकडा मात्र चांगला.

१३ जुलै

कसं लिहू.

डॉक्टर परतलेत. शनिवारी शुभा आत आली आणि ते तिच्याकडे बघतच राहिले. रिपोर्ट हातात घेतलाच नाही. 'वजन किती कमी झालं यांचं?' मला विचारलं. मला माहीत नव्हतं. सहा महिने रोज डाळ तोलली. शुभाला एकदाही तोललं नाही.

काट्यावर उभी केली. जानेवारीपेक्षा अकरा किलो कमी. मग ते माझ्याशी सावकाश बोलले, मी 'ढ' विद्यार्थ्याशी बोलतो तसं. क्रिएटिनीन स्नायूंतून तयार होतं. स्नायू झिजले की ते तयारच कमी होतं, म्हणून रक्तात कमी दिसतं. 'किडनी सुधारलेली नाही सर. पेशंट सुकलाय.'

चोवीस तासांची लघवी साठवून दुसरी तपासणी केली, तिचा रिपोर्ट आज आला, तो खरा. किडन्या जानेवारीतल्या रेषेप्रमाणेच चालल्यात, सरळ खाली. दसऱ्याच्या आसपास डायलिसिस. देणारं कोण आहे, विचारलं. मी म्हटलं, होतं.

१४ जुलै

बागुल मॅडमनी मार्चमध्ये हेच सांगितलं होतं. सुरकुतलेला मणी! चहा पीत ऐकलं आणि सोडून दिलं. वर त्यांनाच रकान्याबद्दल सुनावलं. माझ्या घरात माझ्या डोळ्यांदेखत बायको सुकत होती, ब्लाउज आत घेत होती आणि मी सूज उतरली म्हणून टिंबं मांडत होतो. हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात. मला लागला, आणि तोही फुटका.

तराजू परत दिला.

२५ जुलै

मखमलाबाद. सांगावंच लागलं. दीपक चिडला नाही, चिडला असता तर बरं झालं असतं. 'तुम्हीच म्हणालात ना, दोन-तीन वर्षं. कागद दाखवलात.' बस. 

आता स्नेहलचं बाळंतपण, मग अंगावर पाजणं, मग कुठे तपासण्या. डॉक्टर म्हणतात, वर्ष-दीड वर्ष धरा. तोवर डायलिसिसवर टिकली तर.

स्नेहल मला विहिरीकडे घेऊन गेली. 'दाजी, तीनच महिने झालेत. तुम्ही म्हणाल तसं करते.' ती काय म्हणतेय ते कळायला मला वेळ लागला. कळलं तेव्हा तिथेच खाली बसलो. एका शब्दाने होणार होतं. हो म्हणालो असतो तर ती गेली असती दवाखान्यात, मला माहीत आहे. आणि खरं लिहायचं तर ते 'हो' माझ्या जिभेवर आलं होतं.

शुभा मागे येऊन उभी होती. 'स्नेहल, असलं काही मनात आणलंस तर मी डायलिसिसची सुई अंगाला लावू देणार नाही. सांगून ठेवते.' एवढ्या अशक्त बाईचा एवढा आवाज! सासूबाई फुलांच्या ढिगामागून म्हणाल्या, 'ऐक तिचं. ती बोलली म्हंजे बोलली.'

३ ऑगस्ट

शुभा पोटभर जेवत नाही. नुसतं ताट पुढे करून काय होतं? मी समोर बसून घास मोजतो, मग स्वतःलाच म्हणतो, मोजू नकोस.

२१ ऑगस्ट

तिच्या मनगटावर डायलिसिससाठी छोटं ऑपरेशन झालं. शिरेवर हात ठेवला की आत घरघरतं. शुभा शेजारणीला ऐकवते, 'मांजर पाळलंय.'

११ सप्टेंबर

एक मुलगा आला, एम.एस्सी.चा, आजारी माणसांच्या आकड्यांवर प्रोजेक्ट करायचाय. सर, मार्गदर्शन करा. म्हटलं, आधी एक महिना दवाखान्यात जाऊन नुसता बस. काही लिहू नकोस. तो घाबरून दुसऱ्या सरांकडे गेला. बरं झालं.

१२ ऑक्टोबर

दसऱ्याला आठवडा आहे. पहिलं डायलिसिस आज झालं. जानेवारीतली रेषा आठ दिवसांनी चुकली. इतका बरोबर मी आयुष्यात कधी आलो नव्हतो. टेबलावर डोकं ठेवून रडलो, शेजारच्या वर्गाला ऐकू गेलं असेल.

२९ ऑक्टोबर

पाचवं डायलिसिस. परत येताना रिक्षा रविवार कारंज्याच्या चौकात अडकली. मी पुन्हा तेच – मी चुकलो, माझ्यामुळे स्नेहल हातची गेली. शुभाने मधेच थांबवलं.

'तुमची चूक नाही. मला माहीत होतं. फेब्रुवारीत तुम्ही औषधं आणायला खाली गेलात, तेव्हा डॉक्टर मला म्हणाले होते – जेवण तोडू नका, आकडा उगाच चांगला दिसेल. म्हणून तोडलं. तुम्ही तोलून द्यायचात, त्यातली अर्धी डाळ मी गाईला घालायचे.'

 कशाला, एवढंच विचारलं.

'ती पोर माझ्यासाठी थांबली होती. तिला सोडा, असं तोंडानं सांगितलं असतं, तर तुम्ही ऐकलं असतंत?'