विष म्हणायचं नाही

१२ जून १९६९
कर्जतचं एक दिवसाचं शिबिर आटपून आलो. शेतीखात्याचे साहेब दोन तास बोलले. मी सार काढलं ते असं: आपला शेतकरी मागे का? तर तो फवारणीच्या बाटलीला विष म्हणतो. विष म्हटलं की घाबरतो. घाबरला की घेत नाही. उद्यापासून कशेळ्याच्या माझ्या दुकानात 'विष' हा शब्द बंद. औषध म्हणायचं. भाताचं औषध.
हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, असंही साहेब म्हणाले. पंख्याखाली बसून सांगायला काय जातंय!

२० जून
बोर्ड रंगवून घेतला. 'पीक औषधालय'. झकास दिसतो. आमच्या सौ. जयाबाई म्हणाल्या, अहो, मग बाटलीवर कवटी कसली आहे? म्हटलं, किड्याची. हसत आत गेली. बायकांशी सायन्स बोलू नये.

९ जुलै
दुकानात आलेला बुधाजी बाटली घेईना. हाताला बाधंल म्हणे. म्हटलं, बघ रं. बादलीत औषध ओतलं आणि सगळ्यांदेखत उघड्या हाताने ढवळलं, कोपरापर्यंत. बुधाजीने दोन बाटल्या नेल्या. बघ्यांतला चांगो म्हणाला, तुमी तर भाताचे डाक्टर! बरं वाटलं. माणसाला पारख आहे.
संध्याकाळी डोकं भयंकर ठणकतंय, तोंडाला पाणी सुटतंय, हात थरथरतोय. चहा जास्त होतो. उद्यापासून चहा बंद.

१० जुलै
चहा बंद केल्यामुळेच डोकं दुखत असणार. पुन्हा सुरू केला.

२ ऑगस्ट
आता सगळा बाजार मला डॉक्टर म्हणतो. एस.टी.चा कंडक्टरसुद्धा म्हणाला, सरका डॉक्टर पुढे. जयाला सांगितलं. म्हणाली, पुढे सरकलात ना?

१४ ऑगस्ट
चांगोच्या शेताखालच्या ओहळात मासे उलटे होऊन तरंगले. बांधावरचे खेकडेही मेले. चांगो तावातावाने आला. आमी आता खायाचं काय, म्हणतो. मी शांतपणे सांगितलं, हवेत उष्णता वाढली आहे. चांगो म्हणाला, पाऊस धो धो पडतोय, उष्णता कुठली? म्हटलं, ही वेगळी उष्णता, शास्त्रीय. शिवाय खेकडे बांध पोखरतात, तेव्हा त्याचा फायदाच झाला. तर आभार मानायचे सोडून तरातरा निघून गेला. लोकांना उपकाराची जाण नाही.
रात्री जयाने मासे वाढले. मी नको म्हटलं. सहज.

३० ऑगस्ट
बुधाजीच्या भातावर तुडतुडे. पहिल्यापेक्षा जास्त. जया म्हणाली, बेडूक मेले, कोळी मेले, आता किडे खाणार कोण? खालापूरला तिचे वडील म्हणे शेतात बांबू रोवतात. त्यावर पाखरं बसतात आणि किडे टिपतात. अधूनमधून शेतातलं पाणी काढून टाकतात, म्हणजे तुडतुडे हटतात. म्हटलं, मग पाखरांनाच सांग ना दुकान टाकायला! सासुरवाडीची शेती मला शिकवते.
बुधाजीला डबल डोस सांगितला. किडा हट्टी आहे. मीही आहे.

११ सप्टेंबर
आज एक वेगळीच केस. मागच्या आळीतली सोनुबाई शकूला घेऊन आली. पोरगी तिसरीत. डोक्यात उवा झाल्या म्हणून शाळेतल्या बाई तिला दाराशी एकटी बसवतात. म्हणून शकू शाळेत जायचं नाव काढत नाही, नुसती रडते. सोनुबाई म्हणाली, डाक्टर, भाताच्या किड्याला देता, माज्या पोरीच्या डोक्यातल्या किड्याला काय नाय का तुमच्याकडं? लॉजिक बिनतोड! शाळा न शिकलेली बाई, पण डोकं चालतं.
जया आतून ओरडली, फणी फिरव गं रोज, आणि करंजेल लाव. अहो, काय हे! माणूस चंद्रावर उतरला आणि आमच्या घरात अजून फणी!
लहान बाटलीत थोडं औषध काढून दिलं. खोबरेलात मिसळून लाव, रात्रभर फडकं बांधून ठेव, सकाळी धू. एक पैसा घेतला नाही. शकू काउंटरवर हनुवटी टेकवून बघत होती. विचारते, उद्या मी पुढच्या रांगेत बसू? म्हटलं, बिनधास्त बस.
आज झोप छान लागेल.

१२ सप्टेंबर, सकाळ
मागच्या आळीत आरडाओरडा. शकूच्या तोंडाला फेस आलाय, अंग घामाने भिजलंय. टेंपोतून कर्जतला नेली. रानातलं काहीबाही खाल्लं असेल. ही माणसं पोरांकडे लक्षच देत नाहीत.

१२ सप्टेंबर, संध्याकाळ
शकू गेली.
चांगो सोबत गेला होता, त्याने सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी पोरीच्या केसांचा वास घेतला आणि म्हणाले, हे विष आहे. सोनुबाई त्यांच्याशी भांडली. विष नाय, औषध हाय, आमच्या डाक्टरांनी दिलंय. ते म्हणाले, कोण डॉक्टर? ती म्हणाली, कशेळ्याचे. त्यांनी तिथल्या सगळ्यांना विचारलं, कशेळ्यात डॉक्टर आहे कोण? कुणालाच माहीत नव्हतं.

१३ सप्टेंबर
बोर्ड उतरवला. रंग उडायला लागला होता.
जया ताट वाढते आणि उठून जाते. मी काय मुद्दाम दिलं का? पोरीने खाजवून डोकं सोलून घेतलं होतं म्हणे, ते मला आधी सांगायला नको? तेलही कमी घातलं असेल. सोनुबाई भांडायला आली की हेच सांगायचं, शांतपणे, मुद्देसूद. आवाज चढवायचा नाही.

२१ सप्टेंबर
सोनुबाई आली. मुद्दे तयार होते.
भांडली नाही. उंबऱ्याशी बसली. बराच वेळ पदराचं टोक पिळत होती. मग खालच्या आवाजात म्हणाली, डाक्टर, माजंच चुकलं. पोर म्हणाली आये चुरचुरतं, म्हणून मी हात राखला. अर्धंच लावलं. अर्धमेले किडे चवताळून आत शिरलं असतील. सगळं लावलं असतं तर वाचली असती ना माजी शकू?
जया दारात उभी होती. माझ्याकडे बघत होती.
मी हो म्हटलं.