गाडी आत घेतलीस त्या दिवशी

प्रिय सेजल,

फोन लावला की मी ‘जेवलीस का’च्या पुढे जात नाही आणि तू ‘हो’ म्हणून ठेवून देतेस. म्हणून आज कागद घेतला. इकडे सगळं ठीक आहे. लावणी उरकली, आईचा गुडघा आता कुरकुरत नाही. वरंधचा घाट दरडीमुळे परत बंद आहे, त्यामुळे भोरकडची माणसं लांबून वळसा घालून येतात.

शर्यतीला महिना होत आला. कोइमतूरला निघण्याआधी मी पोलादपूरच्या स्टँडवर भेटेल त्याला सांगत होतो, एसटी ड्रायव्हरची पोर रेसची गाडी चालवणार. शर्मिलाबाईंनी त्यांच्या पुण्याच्या गॅरेजातल्या सगळ्यांना सोडून आपली लाल गाडी तुझ्या हातात दिली, हे तर मीठमसाला लावून सांगितलं. शर्यतीच्या दिवशी वर गॅलरीत माझ्या शेजारी अनिलकाका मोबाईल धरून बसला होता, गावाकडे शूटिंग पाठवायला.

आमच्यासमोरच लांब सरळ रस्ता संपून ते उजवं वळण होतं. तू दुसरी होतीस. प्रत्येक फेरीला तू एकाच जागी ब्रेक मारायचीस, मी त्या जागेवर डोळा ठेवून होतो. मग एका फेरीला तू जरा आधीच मारलास, पुढच्या फेरीला त्याच्याही आधी. पुढच्या चाकांतून धूर आला आणि वाऱ्यावर तो जळका वास आमच्यापर्यंत पोचला. बाकीच्यांना काही कळलं नाही. मला कळलं, ब्रेक धरत नाहीयेत. सेजल, मला तेव्हाच कळलं होतं, हे आधी लिहून टाकतो. तू हात वर केलास, मागच्यांना पुढे जाऊ दिलंस, गिअर उतरवत एक फेरी हळू मारलीस आणि गाडी ट्रॅकवरून आत, मेकॅनिकपाशी घेतलीस.

अनिल म्हणाला, “घाबरली रे पोरगी.” गावाकडून त्याच्या मोबाईलवर हसण्याचे मेसेज यायला लागले. मी तसाच खाली आलो. तू हेल्मेट काढत होतीस, केस घामानं चिकटले होते. म्हणालीस, “अप्पा, पॅडल पार तळाला जात होतं. ब्रेकचं ऑइल उकळलं. त्या वेगात अजून एक फेरी मारली असती, तर पुढच्या गाडीत घुसले असते.” आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, “मग घुसायचं होतं. तोंड दाखवायला जागा नाय ठेवलीस.” तू मागे वळून मेकॅनिकला म्हणालीस, हँडब्रेक ओढू नका, डिस्क तापलीय.

तुला आंबेनळी घाटातली गोष्ट आठवत असेल. लहानपणी तूच सांगायला लावायचीस. महाबळेश्वरहून भरलेली बस उतरवताना ब्रेक तापले, धरेनासे झाले, तेव्हा मी बस डोंगराच्या अंगाला उभी केली आणि थंड होईपर्यंत हलवली नाही. लग्नाला निघालेला एक माणूस मला सगळ्या बससमोर भित्रा म्हणाला. तू विचारायचीस, “मग तुम्ही काय म्हणालात?” मी हसून सांगायचो, “म्हणू दे. जिवंत होता म्हणून म्हणत होता.” माझ्या तोंडून ऐकलेलं तू तिथे करून दाखवलंस आणि त्या लग्नाच्या माणसाच्या जागी मी उभा राहिलो. त्याला निदान ब्रेकमधलं काही कळत नव्हतं.

घरी आल्यावरही मी नीट वागलो नाही. स्टँडवर कोणी विचारलं की ‘गाडीत बिघाड झाला’ म्हणून मोकळा व्हायचो. तू काय केलंस ते सांगितलं असतं, तर मी काय बोललो तेही सांगावं लागलं असतं. परवा जीपवाल्या येसाजीनं खोदून विचारलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, “पोरीनं बरोबर केलं की! मग तू काय बोललास तिला?” तेही सांगितलं. तो चहा अर्धा टाकून जीपकडे गेला.

काल शर्मिलाबाईंचा फोन आला. पुढच्या शर्यतीला तू नको म्हणालीस म्हणे. त्यांनी कारण विचारलं तर म्हणालीस, “माझ्यामुळे अप्पांना खाली बघावं लागलं.” ते ऐकून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पोरी, मला खाली बघायला लागतंय ते माझ्या जिभेमुळे. माझ्यावरचा राग ठेव, तो जाऊ दे असं मी मागत नाही. पण गाडी सोडू नकोस. शर्मिलाबाईंना मी विचारलंय, त्या आठवडाभर थांबते म्हणाल्या. मी तिथे येणार नाही. बोलावलंस तरच येईन, आणि पहिल्याच फेरीला गाडी आत घ्यावीशी वाटली तर खुशाल घे. मी तिथे असलो, तर दार उघडायला पुढे येईन.

तुझाच, चुकलेला,
अप्पा