घरून कामाचं काही ठरेना

लाडके राणी,

मी सुखरूप पोहोचलो आणि बदलीच्या जागी, इथल्या मुख्य कचेरीत रुजू झालो. जेवणही वेळेवर होतं. तू गोळ्या घेतेस ना? पुन्हा फिट तर आली नाही?

आम्हा सरकारी लोकांना घरून काम करू देणार की नाही, कुणालाच माहीत नाही. परवा वरचे हो म्हणाले, काल नाही. आज साहेबांना अर्ज देत म्हटलं, "घरी बायको एकटी आहे, तिला फिट येतात."

त्यांनी दार लोटलं. "अहो, हे लिहून देऊ नका. माणसं कमी करायची झाली, तर घरी अडचण असलेल्यांनाच आधी काढतील."

अर्ज तसाच परत आणला.

तू घाबरू नकोस. शेजारच्या काकूंना किल्ली देऊन ठेव, आणि आंघोळीला जाताना आतून कडी लावू नकोस.

सगळा जीव तुझ्यापाशी ठेवून आलेला,
तुझा नवरा