कौतुकाने प्लास्टिक कमी करण्याचा प्रयोग

३ मार्च
आजपासून कुणालाही रागवायचं नाही. विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये जो स्वतःचा कप आणेल त्याचं कौतुक करायचं, बस्स. कौतुकाने माणूस सुधारतो, हा माझ्या प्रबंधाचा पाया. मला आईने घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं आणि एकदाही शाबास म्हटलं नाही. तरी मी सुधारले, पण तो अपवाद.
ईस्टरच्या सुट्टीआधी प्लास्टिकचे कप कमी झाले नाहीत, तर माझ्या मार्गदर्शक मानियाती मॅडम प्रकल्प वर्गातल्या स्तामोसला देणार. त्याला दंड लावायचाय. रानटी.

५ मार्च
सुरुवात उत्तम. वनशास्त्राची लेमोनिया स्टीलचा कप घेऊन रांगेत होती. सगळ्यांसमोर म्हटलं, किती सुंदर कप, किती गुणी मुलगी. ती पांढरीफटक पडली. भारावली असणार.

६ मार्च
लेमोनिया जिन्यावरून पडली. घोटा मुरगळला, कपाला पोचा. योगायोग. भेटायला गेले, धीराबद्दल पुन्हा कौतुक केलं. तिच्या बहिणीने दार लावून घेतलं.

११ मार्च, सकाळी
मी दिसले की मुली कप पिशवीत लपवतात आणि प्लास्टिकमधून कॉफी घेतात. लाजतात. माझ्या खोलीत राहणारी फ्रोसो म्हणाली, "अगं बये, एवढं कौतुक करतेस, निदान थुंक तरी. दृष्ट लागते माणसांना."
तिला सांगितलं, मी मानसशास्त्र शिकते.

दुपारी
जेवण गेलं नाही. लेमोनियाचा घोटा माझ्यामुळे? शक्यच नाही. तरी फ्रोसोला पुन्हा विचारलं, किती वेळा थुंकायचं. फक्त माहितीसाठी.

१७ मार्च
कप आणणाऱ्यांच्या फोटोंचा फलक लावला. संध्याकाळपर्यंत प्रत्येक फोटोवर, दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तसला निळ्या काचेचा डोळा लटकत होता. सहभाग वाढतोय.

१९ मार्च
फोटो गायब. आठवण म्हणून नेले असावेत.

२४ मार्च
तडजोड. कौतुकानंतर हळूच तीनदा थू थू थू. नेमकं स्थापत्याच्या एका मुलाच्या कॉफीत पडलं. त्याने ती ओतून दिली आणि प्लास्टिकचा कप मागितला. झाकणासकट.

२ एप्रिल
प्लास्टिकचे कप वाढले. प्रकल्प स्तामोसला. आकडे मीच वाचून दाखवले, एकही लपवला नाही. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, इतकी प्रामाणिक मुलगी त्यांनी पाहिली नाही. आणि थुंकल्या नाहीत.
डोकं ठणकायला लागलं. बाहेर येऊन आईला फोन लावला. दृष्ट काढायला तिने तिकडे पाण्यात तेल सोडलं, काहीतरी पुटपुटली आणि जांभयांवर जांभया देऊ लागली. काढणाऱ्याला जांभया आल्या म्हणजे दृष्ट चांगलीच लागली होती. कौतुक कशाचं झालं, तिने विचारलं. सांगितलं. तिने आणखी एक जांभई दिली. मग म्हणाली, "खरंच आहे ते." आणि लगेच थू थू थू.
येताना कॉफी घेतली. प्लास्टिकमध्येच. माझा कप पिशवीत होता, पण तो आज कुणाला दिसायला नको.