टेप अडकली तेव्हा

मिलान, मार्च १९८५

लाडक्या पापा,

मी मजेत आहे. मम्माला सांगा, खोकला जवळजवळ गेलाय आणि मी वेळेवर जेवते. जाळी विणताना तुमचे डोळे अजून दुखतात का?

रेडिओवर सारखं लागतं ते डिस्कोचं गाणं मी गायलंय. रेकॉर्डवर फोटो मात्र लोरेदाना नावाच्या मॉडेलचा आहे. कार्यक्रमात ती ओठ हलवते आणि टेपवर माझा आवाज वाजतो. इथे अशीच पद्धत आहे, म्हणून तुम्हाला कळवलं नव्हतं.

शनिवारी रिमिनी शहरातल्या कार्यक्रमात भर गाण्यात टेप अडकली. मी स्टेजखाली उभी होते. लोक हुर्यो करू लागले. लोरेदानानं मला हाक मारली, "नुन्झिया, वर ये. गाणं तुझं आहे."

रेकॉर्डच्या निर्मात्यानं माझा दंड धरला. "वर गेलीस तर काम संपलं तुझं."

मी हात सोडवून वर गेले आणि साथीशिवाय गायले. हुर्यो थांबली. दुसऱ्या कडव्याला सगळा हॉल माझ्याबरोबर गात होता.

काम गेलं, पण घाबरू नका. "आता दोघी मिळून शोधू," असं लोरेदाना म्हणते.

तुम्ही नेहमी म्हणता, डिस्को म्हणजे गाणं नव्हे, यंत्राची करामत आहे. शनिवारी यंत्र बंद होतं, पापा.

तुमचीच,
नुन्झिया