बंद पाकिटातली जागा

मोरिओका, ३ ऑगस्ट

ती. आजोबांस,
कोनात्सुचा सा. न. वि. वि.

गुडघे कसे आहेत? बाबा म्हणाले, की विचारलं तर तुम्ही बरे आहेत म्हणता आणि जिना मात्र बसून उतरता.

माझं निसर्गशिक्षणातलं पदव्युत्तर शिक्षण आता एका परीक्षेवर येऊन ठेपलंय. बारा मुलांना रानात नेऊन दिवसभर शिकवायचं. नुमामिया बाई सोबत राहून गुण देणार. नापास झाले तर अख्खं वर्ष पुन्हा. माणसाचा हात लागून रान कसं जगतं, हा माझा विषय. तीन टेकड्या पाहिल्या. सगळीकडे पाइनच्या गळलेल्या सुया, म्हणजे वाळकी पानं, घोटाभर साचल्यात, खाली काही उगवत नाही. झाडलोट केलेलं रान मला एकच ठाऊक आहे: तुमची मात्सुताके अळंबीची जागा. तिथे नेऊ का मुलांना? नकाशा मात्र विद्यापीठाला आधी द्यावा लागतो. हे वाक्य मी चारदा खोडलं, पण लपवणं बरं वाटेना.

रागावलात तरी लोभ तेवढा कमी करू नका.

तुमची
कोनात्सु

८ ऑगस्ट

चि. कोनात्सुस,
अनेक आशीर्वाद.

आधी गुडघ्यांची चौकशी, मग मुद्दा. हे अगदी तुझ्या आजीचं वळण. विद्यापीठाला नकाशा मिळणार नाही. माझ्या वडिलांनी मला ती जागा दाखवली तेव्हा मी एकावन्न वर्षांचा होतो. तुझा बाप तरुणपणी चोरून माझ्या मागावर आला, तर त्याला तीन टेकड्या फिरवून आपल्याच परसात आणून सोडला. तू सहा वर्षांची, माझ्या पाठीवरच्या टोपलीत बसून यायचीस. टोपलीतल्या पोरीला काय कळतंय, असं वाटलं. तिथे मी चुकलो.

नकाशा दिला, की शरदात शहरातल्या गाड्यांची रांग लागते. बाईंना सांग, म्हातारा हट्टी आहे. खरं सांगायचं तर यंदा मलाही तिथे जाऊन झाडायला जमलेलं नाही. सुया साचत असतील.

वेळेवर जेव. आमची माया आहे तशीच आहे.

तोकुजी आजोबा

१९ ऑगस्ट

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

बाईंना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, एखाद्या मुलाचा पाय मोडला तर मदतीला माणसं कुठे पाठवायची? बरोबरच आहे त्यांचं. मग मला टोपली आठवली. उलटं तोंड करून बसलेल्या मला पुढची वाट दिसत नव्हती, मी ऐकत होते. ओढा, वारा; शिवाय पाइनच्या चिकाचा वास. म्हणून असं ठरवलंय: शेवटच्या सपाट वाटेवर सगळ्यांच्या डोळ्यांवर टॉवेल आणि हातात एक लांब दोर. मी आठवून काढलेला नकाशा बंद पाकिटात, गावच्या अग्निशमन दलाच्या प्रमुखांकडे; अपघात झाला तरच उघडायचा. बाईंनी विचारलं, टॉवेल मीही बांधायचा का? मी हो म्हटलं आणि लगेच दोनदा माफी मागितली. त्या कबूल झाल्या!

दोराचं पुढचं टोक तुम्ही धराल? मुलंही हळूच चालतील. नाही म्हणालात, तर त्या जागेचं मी पुन्हा विचारणार नाही.

तुमच्या मायेवर भिस्त ठेवून,
कोनात्सु

२४ ऑगस्ट

चि. कोनात्सुस आशीर्वाद.

दोर मी आणतो. शहरातला दोर हाताला काचतो. बाईंचा टॉवेल मी स्वतः बांधणार.

तोकुजी आजोबा

२२ सप्टेंबर

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

पास झाले! वर्गात पहिली! चाळीस पानी आराखडा लिहिला, औषधांच्या तीन पेट्या भरल्या आणि दाताळी घरीच विसरले, हे आठवलं की अजून घाम फुटतो. तुम्ही मुलांना हातांनीच सुया ओढायला बसवलंत. बाईंनी नेमकं तेच दिवसभरातलं उत्तम शिक्षण म्हणून लिहिलंय. दाताळ्यांचं मी त्यांना सांगून टाकलं. त्या हसल्या, म्हणाल्या, गुण कमी होणार नाहीत, आता घरी जा.

ती दोन वेण्यांची मुलगी म्हणाली ना, की ओढा डाव्या कानातून उजव्या कानात गेला की जागा आली? तुमचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता!

पाकीट न उघडता परत मिळालं. सोबत पाठवतेय. दोराची पकड ढिली होऊ देऊ नका.

तुमची
कोनात्सु

२७ सप्टेंबर

चि. कोनात्सुस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट तसंच न्हाणीच्या बंबात टाकणार होतो, पण राहवलं नाही, उघडलं. दुभंगलेला खडकसुद्धा बरोबर मांडलायस. टोपलीत उलटी बसून माझ्यापेक्षा जास्त पाहिलंस. मग जाळलं.

वेण्यावालीला सांग, पुढच्या वर्षी दाताळं घेऊन ये. कान असलेलं माणूस मला हवंच आहे.

आता नीट वाच. जागा दोन आहेत. दुसरी तुझ्या आजीलाही ठाऊक नव्हती. पाच तारखेला पहाटेच्या गाडीने ये. बापाला सांगू नकोस.

टॉवेल आणायची गरज नाही.

तोकुजी आजोबा